दादांचा आकडा

अमरावती, ९ ऑगस्ट १९३८

वहिनींना मोरोपंताचा नमस्कार.

साडेआठ वर्षांनी लिहीत आहे. मायना कसा लिहावा ते ठरेना. चार कागद फाडले. शेवटी तोंडाने जी हाक मारत होतो तीच लिहिली.

काम थोडेच आहे. माझ्या एका अशिलाला चक्कर येते. वय चौपन्न, बाकी प्रकृती उत्तम. डॉक्टर म्हणतात, रक्ताचा दाब वाढला आहे. चाळिशी उलटल्यावर हे पुष्कळांना होते आणि बहुतेकांना कळत नाही, तेव्हा तो का वाढला हे आधी शोधायचे. त्यांनी त्याला प्रश्न लिहून दिले आहेत. त्या बिचाऱ्याला स्वतःच्या घरचे काहीच सांगता येत नाही. त्याचे सगळे दुसऱ्यांनी पाहिलेले.

ताळा पाहण्यासाठी आपल्या घरची माहिती मिळाली तर बरे होईल. वडील कितव्या वर्षी गेले आणि नेमके काय झाले? काकांचे काय झाले? घरात महिन्याला मीठ किती लागत असे, आणि खाणारी माणसे किती? दादा तंबाखू किती खात? आपल्याकडे कोणी घोरत असे काय?

कार्डावर लिहिले तरी चालेल.

तुमची तारा अकोल्याला सुखरूप आहे. दुसरा मुलगाच झाला, हे कळले असेलच.

मोरोपंत


अमरावती, २१ ऑगस्ट १९३८

वहिनी,

तुमचे पत्र परवा आले. कार्ड नव्हते, दोन ताव होते. पहिली ओळ वाचली आणि दार लावून घेतले. तुम्ही लिहिता: “भाऊजी, तुमच्या अशिलाला नमस्कार सांगा. त्याच्या कोटाच्या शिवणी दोनदा मीच उसवून दिल्या आहेत. त्याचा आकडा किती ते कळवा.”

आकडा वरचा दोनशे चौदा, खालचा एकशे अठरा.

जुलैत जिल्हा कोर्टात उलटतपासणी चालू होती. साक्षीदार एक होता, मला दोन दिसू लागले. दोघांनाही एकच प्रश्न विचारला. मग खाली बसलो. लोकांना वाटले, हा काही डाव आहे.

त्या संध्याकाळी डॉ. जानरावांकडे गेलो. राजापेठेत नवा दवाखाना आहे. वरूडचा माळ्याचा मुलगा, वय बत्तीस. बाप अजून संत्र्याच्या बागेत राबतो. दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पारा चढला. दोनदा पाहिले. मग दौत पुढे ओढून प्रश्न सुरू केले.

“वकीलसाहेब, तंबाखू?”

“जेवणानंतर चिमूटभर.”

“दिवसातून किती वेळा जेवता?”

मी कोट ओढून सारखा केला.

“चालता का?”

“रोज.”

“कुठून कुठं?”

“माडीवरून टांग्यापर्यंत.”

तो हसला नाही. म्हणाला, “खोटं बोलून तुमी माहं काय बिघडवता? तुमच्या कोर्टात साक्षीदार खोटं बोलला तं आरोपी सुटते. इथं कोनीच नाही सुटत.”

घरच्यांविषयी विचारले तेव्हा मी खोटे बोललो नाही. मला माहीतच नव्हते. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मला शेजारी नेऊन बसवले होते.

आता तुमचे पत्र समोर आहे. वडील चौपन्न वर्षे दोन महिन्यांचे होते. सकाळी पळी हातातून पडली, तोंड डावीकडे गेले, सहा दिवसांनी गेले. काका सत्तावन्नाव्या वर्षी तसेच, पण एका दिवसात. आत्या वाचल्या, हात मात्र गेला. मीठ महिन्याला तीन शेर, माणसे सात, पापड आणि सांडगी मिरची वेगळी. दादांची तंबाखू दिवसाला दोन डब्या. निकाल लागायचा त्या दिवशी तीन.

माझ्या घोरण्याविषयी तुम्ही लिहिले आहे की ते खाली माजघरात ऐकू येई, आणि मधेच श्वास थांबे. “तो परत सुरू होईपर्यंत मी आकडे मोजत असे. एकदा वीसपर्यंत गेले.”

वहिनी, मी तीस वर्षे साक्षीदार तपासले. पाहिले तेवढेच सांगणारा, आणि पाहिलेले सगळे सांगणारा, असा मला एकही भेटला नाही. वडील पडले तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या होता.

तुमचे पत्र डॉक्टरांना दाखवू काय? होय किंवा नाही, एवढेच कळवा.

मोरोपंत


अमरावती, १२ सप्टेंबर १९३८

वहिनी,

“होय” मिळाले. पत्र डॉक्टरांना दिले. त्यांनी उभ्याने वाचायला सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसले.

“ह्या बाई कोन?”

“माझ्या वहिनी.”

“डॉक्टरीण हायेत काय?”

“नाही.”

“तं मंग व्हायले पायजे होत्या. वकीलसाहेब, मले पेशंटचा असा कागद आजलोक नाही भेटला. वडील, काका, आत्या. हे तं तुमच्या रक्तातच येऊन राहिलं. वरून पोट, तंबाखू, मीठ, बैठं काम, आन् ही अर्धी झोप. एक कारन असतं तं मी एक गोष्ट बंद केली असती.”

त्यांनी बऱ्याच गोष्टी बंद केल्या. तंबाखू गेली. पापड गेले. रोज सकाळी कॅम्पापर्यंत पायी जातो. पहिल्या दिवशी ओळखीच्या टांगेवाल्याला वाटले माझे दिवाळे निघाले. तो फुकट न्यायला तयार झाला.

मग त्यांनी विचारले, “मोठे भाऊ कशानं गेले?”

मी म्हणालो, “दादा बावन्नाव्या वर्षी गेले. सकाळी घरात भांडण झाले, दुपारी त्यांना कोर्टातून उचलून आणले.”

त्यांनी टाक खाली ठेवला.

“भांडनानं?”

“होय.”

“एका भांडनानं नस फुटत असती तं वऱ्हाडात एकबी नवरा वाचला नसता.”

मला राग आला. त्यांनी तो पाहिला. मग सावकाश सांगितले की नस वीस वीस वर्षे आतून झिजत असते. भांडण फार तर शेवटचे निमित्त. तेही असलेच तर. नाही तर जिना चढताना, शिंकताना, स्वस्थ बसल्या जागी. “त्याइचा पारा कोनी पायला होता काय?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, नाही. म्हणताना खात्री वाटली नाही.

घरी आलो तो भाजीवाली मनकर्णाबाई ओट्यावर टोपली उतरून बसली होती. तिची लेक तुमच्या सांगवीत दिली आहे हे मला आताच कळले. म्हणाली, तुम्ही तुमच्या मावशींच्या ओसरीवर पोरींना अक्षरे शिकवता, आणि तिच्या लेकीला आता सही येते.

“बाईसाहेब गेल्या तवापासून तुमच्या घरी मेथीची जुडी कोनी उलटून पायत नाही,” ती म्हणाली. “मी सडकी देली तरी चालते.”

“देतेस काय?”

“देते ना. मंग?”

मी विचारले, “त्या का गेल्या, तुझ्या लेकीजवळ कधी बोलल्या काय?”

“त्या कायले बोलतीन? पन तुमी कावून मले विचारून राहिले, मालक? त्याइले विचारा ना. त्याइले तोंड नाही का तुमाले हात नाही लिवाले?”

म्हणून लिहीत आहे.

आपल्या घरी जेवताना चवीबद्दल बोलायचे नाही, ही वडिलांची शिस्त. मीठ कमी वाटले तर पानाच्या डोक्याशी बोटाने एक टिचकी, की वाढणारीने तिथे मीठ वाढायचे. शेवटचे वर्षभर मी पाहत होतो. दादा टिचकी मारत, आणि तुम्ही पुढे निघून जात. मी मारली तर थांबत. मला वाटे, तुमच्या मनात दादांविषयी काही अढी आहे.

त्या सकाळी मी माडीवर होतो. दादांचा आवाज आला, “माझ्याच घरात मला मीठ मिळत नाही!” तुमचा आवाज आला, “नाही मिळणार.” मग पाट सरकल्याचा आवाज.

ते भांडण कशाचे होते, वहिनी? मी हे कधी विचारले नाही.

मोरोपंत


अमरावती, ३ ऑक्टोबर १९३८

वहिनी,

तुमचे पत्र आठ दिवस माझ्याजवळ आहे. रोज वाचतो. त्यात तक्रारीची एक ओळ असती तर उत्तर लिहायला सोपे गेले असते.

दादांचा आकडा दोनशे सहा होता. नागपूरला, १९२८च्या दिवाळीनंतर. मी म्हणत होतो की ते एका अपिलासाठी गेले आहेत. ते डॉक्टरांकडे गेले होते. मीठ बंद, तंबाखू बंद, सहा महिने काम बंद, असे त्यांना सांगितले होते. सरकारी वकिलीसाठी त्यांचे नाव वर गेले होते. हे बाहेर कळले असते तर ते मागे आले असते. त्यांनी तुमच्याकडून अंबादेवीची शपथ घेतली. काम त्यांनी सोडले नाही. तंबाखू तुम्हांला सोडवता आली नाही. तुमच्या हातात होते ते मीठ.

तुम्ही लिहिता: “आमटीतलं निम्मं केलं. पानावरचं बंद केलं. टिचकीला थांबले नाही. सकाळी त्यांनी बरणी स्वतः उचलली, मी ती हातातून काढून घेतली. तुम्ही ऐकलंत तेवढंच बोलणं झालं.”

आणि तेराव्याच्या पंगतीत, वीस पानांसमोर, मी काय बोललो ते तुम्ही लिहिलेले नाही. मला लिहिले पाहिजे. मी म्हणालो, “वहिनींनी त्या सकाळी तोंड आवरलं असतं तर दादा आज या पानावर असते.” तुम्ही दाराआड होता. तारा वरण वाढत होती. तिच्या हातातली पळी क्षणभर थांबली. मग ती पुढच्या पानाकडे गेली.

कोणी काही म्हणाले नाही. मला वाटले, सर्वांना पटले.

तुम्ही तेव्हा का बोलला नाही, हे मी विचारण्याआधीच तुम्ही सांगितले आहे. तारेचे अकोल्याला ठरत होते. आजोबा चौपन्नाव्या वर्षी, बाप बावन्नाव्या वर्षी, दोघे एकाच दुखण्याने गेले, हे कळल्यावर कोण मुलगी करून घेईल? भांडखोर विहिणीला लोक चालवून घेतात. फाल्गुनात लग्न झाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक घेऊन निघालात. मी टांगा आणून दिला. तेवढ्यावर मी स्वतःला सभ्य समजत होतो.

“लग्नानंतर लगेच सांगितलं असतं तर सासरी बोलणी बसली असती. तिला मूल होईपर्यंत थांबले. मग कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.”

पत्राच्या शेवटी जे आहे त्यासाठी मी तयार नव्हतो. तुम्ही लिहिता की एक चूक तुमच्या हातून झाली. माझ्या टिचकीला तुम्ही मीठ वाढत राहिलात, कारण दोघांचे बंद केले असते तर मला संशय आला असता. “तुमचेही वडील तेच होते. तेव्हा ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.”

वहिनी, ही चूक तुमच्या नावावर राहू द्यायला मी तयार नाही.

आकडा आता वरचा एकशे शहाण्णव.

मोरोपंत


अमरावती, २९ ऑक्टोबर १९३८

वहिनी,

दिवाळी झाली. घरात खारे काही केले नाही. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, असल्या घरात माझी पाककला गंजेल. त्यांना म्हणालो, माझ्या नसा गंजण्यापेक्षा बरे.

आज काळजीने लिहीत आहे. डॉक्टरांनी सहज विचारले, तुमच्या वहिनी राहतात कुठे? सांगवी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. “ते पूर्णेच्या अंगाचं? खारपानपट्ट्यातलं?” होय म्हणालो. “तिथल्या हिरीचं पानी जनावर तोंड लावून सोडून देते. मानसं पेतात. मीठ पानावरच असते असं थोडंच हाय?” मग म्हणाले, हे कोणी तपासलेले नाही, आपली नुसती शंका आहे. पण अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने शंकेवर राहू नये. बाईमाणसाचा पाळी थांबल्यानंतर दाब वाढतो, आणि बाया चक्कर आली तर उपासाला बोल लावून मोकळ्या होतात.

तुम्ही सांगवीला मावशींच्या सावलीला गेलात, ते माझ्या वाक्यामुळे. तिथले पाणी साडेआठ वर्षे पीत आहात, तेही त्याच वाक्यामुळे. मला रात्री झोप येत नाही हे डॉक्टरांना सांगितले नाही. तुम्हांला सांगतो, कारण तुम्हांला कळेलच.

तुम्ही तपासून घ्या. अकोल्याला पाऱ्याचे यंत्र आहे. डॉ. जानरावांनी तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आहे, ती सोबत जोडली आहे. मी विनंती करतो आहे. तुम्ही नाही म्हटलेत तर पुन्हा विनंती करीन.

मोरोपंत


अमरावती, २३ नोव्हेंबर १९३८

वहिनी,

वरचा एकशे अडुसष्ट, खालचा शहाण्णव. आणि खाली तुमची ओळ: “तुमच्यापेक्षा कमी आहे.” मी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

डॉ. जानराव म्हणाले, वाढलेला आहे पण आवरण्यासारखा आहे. तुम्ही आता पावसाचे साठवलेले पाणी पिता, आणि भाजीत मीठ घालणे सोडले आहे. विहिरीच्या पाण्यात भाजी शिजवली तर मिठाची गरजच पडत नाही, हे मावशींना पटायला चार दिवस लागले, हेही वाचून दाखवले. तो माणूस टेबलावर हात आपटून म्हणाला, “ह्या बाईले मले एकडाव पायचंच हाय.” मनकर्णाबाई सांगते की तुम्ही सांगवीतल्या चाळिशीपुढच्या बायांना वडील कशाने गेले, आई कशाने गेली, चक्कर येते काय, असे विचारून लिहून ठेवत आहात. “माह्या विहिणीलेबी विचारलं. ते म्हने, मले कोनी आजलोक असं काई विचारलंच नाही.”

पण मी दुसऱ्या गोष्टीविषयी लिहायला बसलो आहे.

तुम्ही अकोल्याला गेलात. दवाखाना ताजनापेठेजवळ. तारेचे घर तिथून तीन गल्ल्या. मी तुम्हांला विचारले होते, तारेकडे उतरला होता काय? तुम्ही लिहिता: “तिच्या दारावरून गेले. धाकटा ओसरीवर रांगत होता. आत गेले नाही.”

मग चौकशी केली. जावईबापूंना पत्र घातले. त्यांनी सरळ उत्तर दिले. लग्नानंतर तारा एकदाही सांगवीला गेलेली नाही. बाळंतपणाला तुम्हांला बोलावले नाही. तुमची पत्रे येतात, ती ट्रंकेत ठेवते, फोडत नाही. जावईबापू म्हणतात, “विचारलं तर म्हणते, बाबा गेले त्याला कारण आई. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं.”

मला वाटत होते, मी तुम्हांला दुखावले. मी तुमची मुलगी नेली.

तारेला सगळे पत्राने कळवू काय, असे मी तुम्हांला तार करून विचारले. तुमचे उत्तर आले: “पत्र नको. ती म्हणेल आईनं लिहायला लावलं. तुम्ही पंगतीत बोलला होता.”

यापुढे तुम्ही काही लिहिले नाही. अट घातली नाही, उपाय सांगितला नाही. तुम्ही बोलायचे तेवढेच बोलता आणि उरलेले माणसावर सोडता. माझे तीन महिने या पत्रांवर चालले आहेत. खरे सांगायचे तर डॉक्टरांच्या गोळीने मला झोप येते आणि तुमच्या पत्रांनी जाग.

दादांचे श्राद्ध मार्गशीर्ष वद्यात आहे. यंदा १० डिसेंबर. तेराव्याला होते त्यांतले तिघे वारले. उरलेले सतरा बोलावले आहेत. तारेला जावईबापू घेऊन येतील.

डॉक्टरांना विचारले, सतरा माणसांसमोर कठीण बोलायचे असेल तर माझ्या प्रकृतीला काय? म्हणाले, “नाई बोलले तं काय होईन, ते पयले सांगा.” मग म्हणाले, बसून बोला.

मोरोपंत


बडनेरा स्टेशन, ११ डिसेंबर १९३८, सकाळ

वहिनी,

हे फलाटावरच्या बाकावर बसून लिहितो आहे. गाडीला उशीर आहे, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

काल पिंडदान झाले. पंगत बसली. तारा वरण वाढत होती. मी तिला म्हणालो, “तारे, पळी ठेव. इथे थांब.” ती थांबली. मी बसून बोललो.

म्हणालो, नऊ वर्षांपूर्वी याच पंगतीत मी वहिनींविषयी एक वाक्य बोललो. ते खोटे होते. दादांचा आकडा दोनशे सहा होता. वडिलांचे हेच झाले, काकांचे हेच झाले, माझे हेच चालले आहे. दादा त्या सकाळी भांडणाने गेले नाहीत. त्या घरात त्यांना वाचवायला एकच माणूस धडपडत होते, आणि त्याच माणसावर मी खुनाचा आळ घातला.

तुमची शपथ, नागपूर, बरणी, सगळे सांगितले. तारेच्या लग्नासाठी तुम्ही गप्प राहिलात, हे सर्वांत शेवटी. मग पाणी प्यालो आणि पुन्हा सांगितले, कारण शेवटच्या पानांना ऐकू आले नसावे.

उपाध्ये म्हणाले, “पंत, श्राद्धाच्या पानावर हे कशाला?”

मी म्हणालो, “तेराव्याच्या पानावर बोललो तेव्हा तुम्ही हे विचारलं नाहीत.”

खुशालराव वकील जेवत राहिले. ते तेव्हाही जेवत होते. आपले चुलत भाऊ खाली पाहत होते. जावईबापू तेवढे बोलले. म्हणाले, “मग ताराचा पारा कधी पाहायचा? आणि पोरांनी पापड किती खावेत?” जी गोष्ट तुम्ही साडेआठ वर्षे झाकून ठेवलीत, त्या गोष्टीवर तुमच्या जावयाचे म्हणणे एवढेच. माणूस चांगला आहे, वहिनी. तुम्हांला कळायला उशीर झाला, आणि तो उशीर माझा.

तारेने वरणाचे भांडे खाली ठेवले आणि आत गेली. बायकांच्या पंगतीत तिचे पान मांडले होते, ते तसेच राहिले.

संध्याकाळी ती माडीवर आली. दारातच उभी राहिली.

“काका, तुम्हाला खात्री होती तेव्हा?”

“नव्हती.”

“मग?”

“दादा गेले होते. कोणावर तरी घालायचं होतं.”

ती वळून जिना उतरली. पुढे माझ्याशी कधी मोकळेपणी बोलेल असे वाटत नाही. ते तिने ठरवावे.

पहाटे उठलो तर ती अंगणात तयार उभी. मोठ्याला जावईबापूंजवळ ठेवते म्हणाली, धाकटा कडेवर. टांग्याने बडनेऱ्याला आलो. फलाटावर आल्यावर म्हणाली, “आईला कळवलंय?”

“नाही.”

“तिनं दार उघडलं नाही तर?”

मी म्हणालो, “तारे, ती तुझ्या दारावरून गेली होती. तू तिच्या दारावर थांबून बघ.”

तिला हे ठाऊक नव्हते. तिने मुलाचे टोपडे सारखे केले. ते सरळच होते.

मी बरोबर येत नाही. तिच्या आणि तुमच्या मधे मी एकदा उभा राहिलो, ते पुरे झाले. अकोल्याहून जावईबापूंचा माणूस बैलांची दमणी घेऊन येईल. दुपारी दोन-अडीचला ती सांगवीत पोचेल. ही चिठ्ठी तिच्याच हाती देत आहे, उघडी. वाटेत वाचेल तर वाचू दे.

अकोल्याला उतरल्यावर ट्रंकेतली तुमची पत्रे ती बरोबर घेणार आहे. एकही फोडलेले नाही. मला वाटते, ती तुमच्यासमोर फोडायची आहेत.

सिग्नल पडला. कालपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलेले नाही. किती सांगितले, ऐकत नाही. हट्ट कोणाचा घेतला आहे ते मी लिहायला नको. आधी तिला जेवू घाला, वहिनी. बोलणे मग.

मोरोपंत